टाकीच्या दाबावरचा ठिबक संच आणि टायमर: नऊ महिने वापरून, दोन तारे त्या जाळीमुळे कमी

वापर: पुणे, गच्ची, 34 कुंड्या, जिन्यावरची 500 लिटरची टाकी, ऑक्टोबर ते जून. संचात काय येतं ते खोक्यावर आहेच, इथे फक्त वापराबद्दल.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात टायमर वेळेवर उघडत होता, दिवा लागत होता, आणि 34 पैकी 11 कुंड्यांत थेंबही पडत नव्हता. कंपनीच्या सेवा केंद्राचं उत्तर: पाणी खराब आहे, वॉरंटीत बसत नाही, नवा टायमर घ्या. टायमर धडधाकट होता. दोष होता टायमरच्या तोंडाशी वॉशरमध्ये बसवलेल्या रुपयाएवढ्या जाळीचा. ती चहाच्या गाळणीइतकी मोकळी आहे. शेतातल्या ठिबकला 120 मेशचा, म्हणजे साधारण 130 मायक्रॉन (0.13 मिलिमीटर) भोकांच्या जाळीचा फिल्टर लावतात, कारण ड्रीपरच्या, म्हणजे कुंडीत थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, आतली वाट जेमतेम एक मिलिमीटरची असते. या जाळीतून टाकीतलं शेवाळ आणि बारीक गाळ सरळ पुढे जातो. मे महिन्यात टँकर येतो, ते बोअरचं जड पाणी. त्यातला क्षार गाळाभोवती बसतो आणि ड्रीपर दगडासारखा बंद होतो. दोनशे रुपयांच्या आतला फिल्टर संचात घालायचा नाही आणि वर नवा टायमर विकायचा, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

उपाय असा. कृषी सेवा केंद्रातून पाऊण इंची 120 मेशचा स्क्रीन फिल्टर आणा आणि नळ व टायमर यांच्या मधे, बाणाची दिशा बघून बसवा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, पण पान्याने आवळू नका, टायमरच्या प्लॅस्टिकच्या आट्या चिरतात. टाकीचा दाब मुळात कमी, त्यामुळे फिल्टर थोडा तुंबला तरी शेवटच्या कुंड्या उपाशी राहतात. दर रविवारी जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासायची. पंधरा दिवसांतून एकदा नळीच्या टोकाची एंड कॅप काढून दोन मिनिटं पाणी मोकळं सोडायचं. पहिल्या वेळी निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

बंद पडलेले ड्रीपर फेकू नका. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात रात्रभर बुडवा, सकाळी उलट्या बाजूने फुंकून धुवा. 11 पैकी 9 सुटले. उघडता येणारे ड्रीपर असतील तर सोपं, चिकटवून बंद केलेले असतील तर निम्मेच वाचतात. सुईने भोक मोठं करायच्या फंदात पडू नका, मग त्या एका कुंडीतच सगळं पाणी वाहतं.

आता दाब. खोक्यावर लिहिलंय ताशी 4 लिटर, पण तो आकडा एक बार दाबाचा. एक बारसाठी पाण्याची उंची साधारण 10 मीटर लागते. जिन्यावरची टाकी ड्रीपरपासून अडीच मीटर वर, म्हणजे पाव बार. साध्या ड्रीपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणून हातात येतात ताशी 2 लिटर. खोक्यावरच्या तक्त्यावरून 15 मिनिटं लावली तर लिटरऐवजी अर्धा लिटर पडतो आणि झाडं का सुकतायत ते कळत नाही. पहिल्या आणि शेवटच्या कुंडीचा ड्रीपर 15 मिनिटं मापाच्या भांड्यात सोडून बघा, मगच वेळ ठरवा. दोन्हींत फार फरक असेल तर 16 मिमीच्या मुख्य नळीची दोन्ही टोकं टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकत्र आणा, नळीचं कडं होतं आणि फरक बराच मिटतो. पीसी ड्रीपर (दाब बदलला तरी प्रवाह सारखा ठेवणारे) टाकीवर घेऊ नका, त्यांच्या आतल्या पडद्याला जास्त दाब लागतो. या टायमरची जमेची बाजूही दाबाचीच आहे. आत मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह (भोकाचा गोळा फिरवून उघडणारी झडप) आहे, तो नाममात्र दाबावरही चालतो. स्वस्त सोलेनॉइडवाले, म्हणजे विद्युतचुंबकाने झडप उघडणारे, टायमर टाकीवर नीट उघडत-मिटत नाहीत. बॅटरी मात्र दिवा मंद व्हायची वाट न बघता बदला. झडप उघडी असताना ती संपली, तर टाकी रिकामी होते.

12 इंची कुंडीतल्या टोमॅटोला थंडीत अर्धा-पाऊण लिटर पुरलं, मेमध्ये दीड ते दोन लिटर लागलं. ते एकदम देऊ नका. सकाळी 6 आणि संध्याकाळी साडेपाच असे दोन हप्ते करा. कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळलं की पाणी धरत नाही, पाणी कडेने खाली निघून जातं. एका ड्रीपरने एकच उभा ओला पट्टा तयार होतो, म्हणून मोठ्या कुंडीत समोरासमोर दोन ड्रीपर आणि वर दोन बोटं वाळक्या पाल्याचं आच्छादन. ओल्या पट्ट्याच्या कडेला क्षाराचं पांढरं कडं दिसलं की झारीने भरपूर पाणी घालून कुंडी धुऊन काढायची.

उन्हात नळी मऊ होते आणि 4 मिमीचे जोड निसटतात. बसवताना नळीचं टोक गरम पाण्यात बुडवलं तर घट्ट बसतं. खारी नळ्या कुरतडतात, त्यांना पाणीच हवं असतं. कठड्यावर पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवल्यापासून कुरतडणं जवळजवळ थांबलं.

जानेवारीपर्यंत माझं मत होतं की झारी आता अडगळीत टाकावी. ते मी बदललंय. सगळं ठिबकवर सोडलं आणि फेब्रुवारीत जास्वंदीवर पिठ्या ढेकूण शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पसरला तेव्हा दिसला. झारी हातात असताना पान उलटून बघितलं जातं, मुंग्यांची रांग कुठे चढतेय ते कळतं आणि कीड दोन फांद्यांवर असतानाच कापसाने पुसून काढता येते. कढीपत्त्यावरची लिंबू फुलपाखराची अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून केशरी शिंगं काढते. ती बघायला रोज त्याच फांदीपाशी थांबावं लागतं. नेदरलँड्समधल्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 30 जणांना आधी ताण येईल असं काम दिलं. मग काहींनी अर्धा तास बागेत काम केलं, काहींनी घरात वाचन. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोन्ही गटांत उतरलं, बागेतल्यांचं जास्त उतरलं. त्या अर्ध्या तासात त्यांचे हात मातीत होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाण्याच्या बादल्या वाहून पाठ धरते तेव्हा बागेत मन लागत नाही, ते ओझं या संचाने खरोखर उचललं. सकाळी आता शिंजीर जास्वंदीवर येतो तेव्हा त्याच्याकडे बघायला वेळ असतो. बुलबुल तर थेट ड्रीपरच्या थेंबाला चोच लावतात.

म्हणून आता 26 कुंड्या ठिबकवर आहेत: टोमॅटो, मिरची, वांगी, पालक, दोडका. मोगरा, कढीपत्ता, लिंबू, दोन जास्वंदी, गवती चहा आणि तुळशीच्या दोन कुंड्या यांचे ड्रीपर काढून नळीच्या भोकांना गूफ प्लग (छोटी बुचं) मारले. त्यांना झारीच.

पावसाळ्यासाठी: टायमर काढून बॅटऱ्या बाहेर काढा, आतलं पाणी झटकून घरात ठेवा. नळी जागेवर राहू दे, एंड कॅप मात्र उघडी ठेवा. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका, आठवडाभर साचलेल्या पाण्यात डास होतात. सप्टेंबरअखेर पुन्हा जोडताना आधी फिल्टर, मग टायमर.