एसआरव्ही रेकॉर्डच्या निमित्ताने डोमेन हातचे गेले

आमच्या छोट्या गटाने आपसातील संदेशवहनासाठी एक्सएमपीपी या खुल्या चॅट-पद्धतीचा सर्व्हर स्वतंत्र यंत्रावर चालू केला होता. सभासदांचे पत्ते मात्र मूळ डोमेनच्या नावाने हवे होते, आणि मूळ नाव होस्टिंग कंपनीच्या वेबसाइटकडे निर्देश करत होते. अशा वेळी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या सूचीत, एसआरव्ही, म्हणजे सेवा कोणत्या यंत्रावर व त्या यंत्राच्या कोणत्या पोर्टवर (क्रमांकाच्या दारावर) मिळेल हे सांगणारा रेकॉर्ड भरावा लागतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये त्यासाठी तक्ता होता, परंतु सेवा, प्रोटोकॉल, प्राधान्य, भार, पोर्ट आणि लक्ष्य हे सहा रकाने पाहून मी गांगरलो व जाहिरात करणाऱ्या एका सल्लागाराला काम दिले. नाव लिहीत नाही. पद्धत सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

त्याने पहिल्याच संभाषणात सांगितले की एसआरव्ही हा ‘विशेष वर्गातला’ रेकॉर्ड असून तो साध्या होस्टिंगवर चालत नाही, त्यासाठी ‘प्रीमियम’ नेमसर्व्हर (डोमेनचे रेकॉर्ड ठेवून जगाला उत्तरे देणारी यंत्रे) लागतात आणि प्रत्येक रेकॉर्डचे वार्षिक शुल्क पडते. वास्तविक आरएफसी २७८२ हे त्याचे खुले इंटरनेट-मानक २००० साली प्रसिद्ध झालेले आहे, असा रेकॉर्ड लिहिण्यासाठी कोणाचाही परवाना लागत नाही, आणि आमच्या पॅनेलमध्ये तो तक्ता कोणत्याही जादा पैशाशिवाय समोरच उघडा होता. मी तो डोळ्यांनी पाहिला होता, तरीही विश्वास ठेवला, याचे नवल अजून वाटते.

खरी चूक त्यानंतरची. काम लवकर व्हावे म्हणून त्याने रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या, खात्याचा पासवर्ड मागितला आणि मी तो दिला. रेकॉर्ड भरण्यासाठी रजिस्ट्रारच्या खात्यात शिरण्याचे काहीच कारण नसते, कारण आमचा झोन, म्हणजे डोमेनच्या सर्व रेकॉर्डचा संच, होस्टिंगच्या नेमसर्व्हरवर होता. रजिस्ट्रारकडे नोंद असते ती डोमेन कोणाच्या नावे आहे आणि त्याचे नेमसर्व्हर कोणते, याची. त्याने नेमके तेच दोन्ही बदलले: नेमसर्व्हर स्वतःच्या खात्यातले लावले आणि नोंदणीचा ईमेल पत्ता स्वतःचा घातला. त्या क्षणापासून होस्टिंगच्या पॅनेलमध्ये मी काहीही लिहिले तरी जगाला ते दिसणार नव्हते, आणि पॅनेल मात्र ‘बदल जतन झाला’ असेच म्हणत होते.

मग ‘जगभर प्रसार’ लवकर घडवण्यासाठी वेगळे शुल्क झाले. डीएनएसमध्ये असा प्रसार कोणी ढकलत नाही. जुनी उत्तरे इतरांच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टीटीएल, म्हणजे रेकॉर्डला दिलेली मुदत, संपेपर्यंत राहतात, इतकेच. टीटीएल ८६४०० सेकंद असेल तर फार तर एक दिवस थांबावे लागते, मग कोणी पैसे घेवोत वा न घेवोत.

वर्ष संपल्यावर त्याने नूतनीकरणाची दुप्पट रक्कम मागितली आणि मी कारण विचारले. त्याच आठवड्यात आमचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे ईमेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणारा, नाहीसा झाला, आणि कॅशमधली जुनी उत्तरे संपताच येणारी पत्रे वेबसाइटच्या सर्व्हरवर आदळून परत जाऊ लागली. तेव्हा प्रथमच मी ‘डिग’ ही डीएनएसला थेट प्रश्न विचारणारी आज्ञा चालवून डोमेनचे नेमसर्व्हर विचारले, आणि उत्तरात आलेली नावे मला पूर्ण अनोळखी होती. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती मी वर्षभरात एकदाही केली नव्हती.

त्या नेमसर्व्हरना थेट एसआरव्ही विचारला असता दोन ओळी मिळाल्या. पहिली आमची होती: प्राधान्य ०, पोर्ट ५२२२, लक्ष्य आमचे यंत्र. दुसरीचे प्राधान्य २० होते आणि लक्ष्य त्याचे स्वतःचे यंत्र. ‘मोफत बॅकअप’ असे तो एकदा म्हणाला होता ते हेच. लहान आकडा आधी वापरला जातो, म्हणून एरवी ही ओळ निद्रिस्त असते. परंतु आमचा सर्व्हर बंद पडला की सभासदांची ॲप आपोआप त्याच्या दारात जाणार. झोन ज्याच्या हाती, त्याला डीएनएसच्या आधारे त्या डोमेनचे टीएलएस प्रमाणपत्रही (सर्व्हर खरा असल्याची ॲपला खात्री देणारे) मिळवता येते, त्यामुळे ॲपने इशाराही दिला नसता. प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत शोधले तेव्हा आम्ही कधीही न मागितलेले एक प्रमाणपत्र आमच्या नावावर सापडले. शुल्काचे पैसे गेल्याचे दुःख त्या दिवशी फार किरकोळ वाटले.

रजिस्ट्रारने मूळ खरेदीची पावती आणि ओळखीची कागदपत्रे पाहून खाते परत दिले. त्याला नऊ दिवस लागले. नेमसर्व्हर पुन्हा होस्टिंगचे लावण्यापूर्वी मी सर्व रेकॉर्ड वहीत उतरवून घेतले, तरी डीकेआयएमचा, म्हणजे आमच्या ईमेलवरची सही पडताळण्याची किल्ली देणारा, टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड राहून गेला आणि पुढचे काही दिवस आमची पत्रे लोकांच्या स्पॅममध्ये पडत होती. एसआरव्हीचा तक्ता मात्र मी स्वतः पंधरा मिनिटांत भरला. अडखळलो ते एकाच ठिकाणी: लक्ष्याच्या शेवटी पूर्णविराम न दिल्याने पॅनेलने डोमेनचे नाव पुन्हा मागे जोडले होते.

ते परके प्रमाणपत्र आम्ही रद्द करून घेतले, सर्व सभासदांना पासवर्ड बदलायला लावले आणि रजिस्ट्रारच्या खात्यावर दुहेरी पडताळणी व हस्तांतरणाचे कुलूप लावले. आमचा सर्व्हर त्या वर्षात दोनदा काही तास बंद पडला होता. त्या तासांत त्याच्या यंत्रावर कोणाकोणाचे पासवर्ड पोचले, हे आम्हाला कळण्याचा मार्ग उरलेला नाही.