अंबडचा एफजीडी स्किड: धातू काढतो, खार तसाच ठेवतो

ताशी १० घनमीटरचा हा स्किड, म्हणजे एकाच चौकटीवर बसवलेला पाणी शुद्ध करण्याचा संच, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बनतो. औष्णिक केंद्रांच्या एफजीडी ब्लीडसाठी, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या यंत्रणेतून सोडाव्या लागणाऱ्या पाण्यासाठी, तो विकला जातो. ब्रोशरवर ठळक अक्षरांत छापलंय, ‘प्रक्रिया केलेलं पाणी पुन्हा वापरा’. एकलहरेच्या २१० किंवा सिन्नरच्या २७० मेगावॉटच्या संचांएवढ्या कामासाठी कोटेशन मागवणार असाल, तर आधी याच ओळीवर बोट ठेवा.

ब्लीडचं पाणी आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ५.५ ते ६. धूर धुताना तयार होणारं जिप्सम त्यात विरघळेल तेवढं विरघळून वर आणखी तरंगत असतं. कोळशातलं क्लोराइड अब्सॉर्बरमध्ये, म्हणजे धूर धुण्याच्या टाकीत, साचत जातं आणि लिटरला १०-२० हजार मिलिग्रॅमपर्यंत चढतं. त्यापुढे ते यंत्रणेचा धातू खायला लागतं, म्हणून ब्लीड सोडणं भागच असतं.

स्किडची मांडणी नेहमीचीच. पहिल्या टाकीत चुना घालून पीएच ९ च्या आसपास, दुसरीत पारा बांधून खाली बसवणारं ऑर्गॅनोसल्फाइड, मग कण एकत्र आणायला फेरिक क्लोराइड आणि पॉलिमर, गाळ बसवायची टाकी म्हणजे क्लॅरिफायर, फिल्टर आणि शेवटी आम्ल देऊन पीएच ७ वर. बनवणाऱ्याला मनापासून दाद द्यावी ती गाळ परतीच्या लाइनसाठी. क्लॅरिफायरच्या तळाचा थोडा गाळ पहिल्या टाकीत परत येतो आणि जिप्समचे नवे स्फटिक पाइपच्या भिंतीऐवजी त्या जुन्या कणांवर वाढतात. ही लाइन नसलेल्या स्वस्त स्किडमध्ये पाइप बघता बघता आतून अरुंद होतात.

आता खोट कुठे आहे ते. पीएचचा इलेक्ट्रोड टाकीच्या भिंतीला पक्का बसवलाय, चालू टाकीतून काढता येत नाही. त्यावर पांढरा थर बसला की रीडिंग मागे पडतं. पाणी ९ वर पोचलेलं असतं, मीटर ८.४ दाखवत राहतो आणि पंप चुना ओततच राहतो. पीएच १०.५ च्या वर गेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड सुटतं. तो गाळ जेलीसारखा असतो. गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसचं कापड लिंपलं जातं, दाबलेल्या गाळाची वडी (केक) ओली राहते, फ्रेमला चिकटते आणि खरवडायला माणूस लागतो. ऑर्डर देतानाच बाहेर ओढता येणारा होल्डर लिहून घ्या. इलेक्ट्रोड रोज ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून धुवा. चुन्याची लाइनही, चुना फिरवत ठेवणाऱ्या मुख्य रिंगपासून तो टाकीत पडतो त्या डोसिंग पॉइंटपर्यंत, लांबलचक आहे. पंप थांबला की तिथेच चुना बसतो. ती वीतभर करून शेजारी फ्लशिंगचा व्हॉल्व्ह टाका.

पॉलिमर बनवायला स्किडचंच प्रक्रिया केलेलं पाणी जोडलंय. ही साफ चूक. खाऱ्या पाण्यात पॉलिमरची साखळी उलगडत नाही. सर्व्हिस वॉटर, म्हणजे प्लांटचं साधं गोडं पाणी, द्या, ०.१ टक्का द्रावण करा, तासभर हळू ढवळा.

राहिला पुनर्वापर. फिल्टरनंतर पाणी नितळ दिसतं, पारा आणि बरेचसे जड धातू उतरलेले असतात. क्लोराइड मात्र जसंच्या तसं राहतं. बोरॉन आणि सेलेनेट या विरघळलेल्या रूपातलं सेलेनियमही निसटतं. त्यामुळे कूलिंग टॉवर नाही, जिप्सम धुणंही नाही. सेल्समन म्हणतो राख भिजवायला वापरा. हिशेब करू. टनभर कोरड्या राखेत १५० लिटर पाणी, लिटरला १५ ग्रॅम क्लोराइड, म्हणजे सव्वादोन किलो, ०.२२५ टक्के. आयएस ३८१२ या राखेच्या भारतीय मानकाची मर्यादा ०.०५ टक्के. सिमेंटला जाणाऱ्या राखेला हे पाणी लावलं की राख विकायचं विसरा.

खार काढायला आरओ हवा असेल तर कॅल्शियम आधी काढावं लागेल, म्हणजे पाणी मऊ करावं लागेल. किलोभर कॅल्शियमला २.६५ किलो सोडा अ‍ॅश लागते. लिटरला ३,००० मिलिग्रॅम धरलं तर घनमीटरमागे ८ किलो, दिवसाला १.९ टन. ब्रोशरच्या चालू खर्चात ही ओळच नाही. मऊ न करता थेट बाष्पीभवन केलं तर कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं आणि मीठ कोरडं होतच नाही.

जार टेस्ट, म्हणजे भांड्यात थोड्या पाण्यावर औषधं घालून केलेली चाचणी, आपल्याच ब्लीडवर आणि त्याच दिवशी करून मागा. नमुन्याचा कॅन चार दिवस पडून राहिला की जास्तीचं जिप्सम तळाशी बसतं आणि चाचणीला आलेलं पाणी प्लांटमधल्या पाण्यापेक्षा सोपं निघतं.