‘भावा, फाइट सेट आहे’: यूएफसीच्या टिपा विकणाऱ्यांची गोष्ट

यूएफसी म्हणजे पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या फाइट भरवणारी अमेरिकी कंपनी. तिच्या फाइटवर सट्टा लावायच्या टिपा विकणाऱ्यांचा पहिला मेसेज बहुधा गुरुवारी रात्री येतो. ‘भावा, या वेळी लाल कोपरा घे. पैसे नकोत, नुसतं बघ.’ (फाइटमधला एक खेळाडू लाल कोपऱ्यातला, दुसरा निळ्या.) कर्वेनगरला दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा आणि हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा या एका ओळीपासून सुरुवात होऊन ६५,९१९ रुपयांना बुडाला. त्याचा नंबर जिमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून उचलला होता. समोरचा स्वतःला ‘आपल्याच जिमचा, सकाळच्या बॅचचा’ म्हणवत होता. तीन आठवडे तीन फुकट टिपा आल्या, तिन्ही बरोबर निघाल्या. चौथ्या आठवड्यात ‘व्हीआयपी’ चॅनलचे ४,९९९ गेले. मग ‘आपल्या साइटवर’ खातं उघडून २०,००० भरले. पंधरा दिवसांत स्क्रीनवर १,३६,४०० दिसायला लागले. काढायला गेला तर ‘३० टक्के टॅक्स आधी भरा’, म्हणजे ४०,९२०. तेही भरले. त्यानंतर जीएसटी मागितला, तेव्हा कुठे त्याने खोलीतल्या मित्रांना सांगितलं.

टॅक्सच्या पायरीला शंका यायला हवी होती, असं सगळेच म्हणतात. खरी पकड मात्र त्या पहिल्या तीन टिपांचीच आहे, कारण पुढचं सगळं त्यांच्या जोरावर चालतं. त्या टिपा बरोबर कशा येतात, हे नीट समजून घ्या.

जुनी युक्ती अशी. १,६०० नंबर गोळा करायचे. ८०० जणांना लाल कोपरा जिंकणार म्हणून कळवायचं, ८०० जणांना निळा. निकाल लागला की चुकलेल्या ८०० जणांना सोडून द्यायचं. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. तिसऱ्या फाइटनंतर २०० माणसं उरतात, ज्यांनी या टिपस्टरला कधी चुकताना पाहिलेलंच नसतं. बाकीच्या १,४०० जणांशी आपली कधी गाठ पडत नाही.

आता तर एवढीही मेहनत लागत नाही. भाव १.२५ असलेला, म्हणजे १०० लावले तर १२५ परत देणारा, फेव्हरेट (जिंकेल असं बहुतेकांना वाटणारा फाइटर) निवडायचा. १.२५ चा अर्थ बाजार त्याला ८० टक्के संधी देतोय (१ भागिले १.२५). असे तीन फेव्हरेट लागोपाठ जिंकण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्के. फाइटमधलं ओ की ठो न कळणाराही निम्म्या वेळा ‘तीनपैकी तीन’ दाखवू शकतो.

‘आमची अचूकता ७५ टक्के’ ही जाहिरातही याच घरातली. चार टिपा, प्रत्येकी १०० रुपये, भाव १.२५. तीन बरोबर आल्या तर मिळाले ७५, एक चुकली तर गेले १००. अचूकता ७५ टक्के, खिशातून २५ गेले. त्यामुळे टक्केवारी सांगणाऱ्याला पहिला प्रश्न भावाचा विचारा. उत्तर द्यायचं टाळलं की ओळखायचं.

भाव कळायला गणित फार लागत नाही. एका फाइटर​चा भाव १.६० आणि दुसऱ्याचा २.४० असेल, तर शक्यता झाल्या ६२.५ आणि ४१.७. बेरीज १०४.२. १०० च्या वरचे ४.२ म्हणजे बुकीची, सट्टा घेणाऱ्याची, कमाई. पाच फाइटची साखळी (पाचही अंदाज बरोबर आले तरच पैसे), जिला हे लोक ‘जॅकपॉट’ म्हणतात, ती प्रत्येकी ६० टक्क्यांनी धरली तरी लागण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आत येते. म्हणून ती फुकट वाटली जाते.

आता चॅनलवरचा ‘रेकॉर्ड’. अमेरिकेतली शनिवार रात्रीची फाइट आपल्याकडे रविवारी सकाळी असते आणि सगळा खेळ या वेळेच्या फरकावर चालतो. टेलिग्रामवर चॅनल चालवणारा जुनी पोस्ट नंतर बदलू शकतो आणि बदलली तरी वेळ मूळचीच दिसते. शनिवारी रात्री ९:४० ची पोस्ट रविवारी सकाळी निकाल पाहून दुरुस्त केली, तरी तिथे ९:४०च राहतं. फक्त वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘एडिटेड’ येतं. ते शोधा. दुसरी युक्ती पोस्ट उडवण्याची. ‘पहिल्या फेरीत नॉकआउट’, ‘दुसऱ्या फेरीत सबमिशन’ (पकडीत अडकून हार मानणं), ‘निकाल पंचांकडे’, अशा पाचसहा पोस्ट आधी टाकायच्या आणि खरी ठरली ती ठेवून बाकीच्या काढायच्या. पण पोस्टची लिंक कॉपी केली की शेवटी एक आकडा असतो. लागोपाठच्या दोन पोस्टचे आकडे ४१२ आणि ४१८ असतील, तर मधल्या पोस्ट कुठे गेल्या? अशा फटी शनिवार-रविवारच्या आसपासच सापडल्या, तर पुढे बघायचीही गरज नाही. पैसे जिंकल्याच्या स्क्रीनशॉटबद्दल काय लिहायचं! ब्राउझरमध्ये कुठलाही आकडा बदलायला मिनिटभर लागतं.

नवख्याला सगळ्यात जास्त भुरळ घालते ती ‘सेट’, म्हणजे निकाल आधीच ठरलेली, फाइट. असा संशय कधीच आला नाही, असं नाही. म्हणूनच ही थाप पचते. नोव्हेंबर २०२२ मध्ये लास वेगासला डॅरिक मिनर आणि शायिलान नुएर्दानबिएके यांच्या फाइटच्या काही तास आधी भाव एकदम हलले आणि मिनर पहिल्याच फेरीत ६७ सेकंदांत हरला. त्याने दुखापत लपवली होती. नेवाडाच्या क्रीडा आयोगाने त्याला आणि त्याचा प्रशिक्षक जेम्स क्राउझला निलंबित केलं. या प्रकरणात टिपस्टरला उपयोगी पडेल असं काही नाही. आतली बातमी आली की भाव हलतो आणि भाव हलला की ते सगळ्या जगाला दिसतं. अशी बातमी खरंच हाताशी असलेला माणूस कर्वेनगरच्या अनोळखी पोराला ती ४,९९९ रुपयांना कशाला विकेल?

आणि बातमी नसताना ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्यासाठी ऑगस्ट २०२२ ची कमारू उस्मान आणि लिऑन एडवर्ड्स यांची फाइट पुरेशी आहे. चार फेऱ्यांनंतर उस्मान गुणांवर पुढे होता. पाचव्या फेरीत एक मिनिटही उरलं नव्हतं, तेवढ्यात एडवर्ड्सची डावी लाथ डोक्यावर बसली आणि उस्मान आडवा झाला. डिसेंबर २०२१ मध्ये अमांडा नुनेस ज्युलियाना पेन्याकडून दुसऱ्या फेरीत हरली, तेव्हा तर भाव प्रचंड एकतर्फी होते. भारतीय नाव आलं की या टोळ्या भावनेवर धंदा करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अबू धाबीत अंशुल जुबली तिसऱ्या फेरीत नॉकआउट झाला. जून २०२४ मध्ये पूजा तोमर जिंकली, पण तीन पंचांपैकी एकाने प्रतिस्पर्धी​ला कौल दिला होता. म्हणजे जाणकार पंचही फाइट संपल्यावर एकमत होऊ शकले नाहीत, आणि इथे लोक तीन दिवस आधी खात्री विकतात.

प्रामाणिक अंदाज बांधणारा फाइटआधी होणाऱ्या खेळाडूंच्या वजनाची वाट बघतो. लास वेगासला शुक्रवारी सकाळी वजनं होतात, आपल्याकडे शुक्रवारची रात्र असते. ओढलेल्या चेहऱ्याने कोणी कठड्याला धरून उभा आहे का, वजन चुकलं का, ऐनवेळी बदली खेळाडू आला का, हे तेव्हा कळतं. बुधवारी ‘फायनल टिप’ देणाऱ्याने यातलं काहीच पाहिलेलं नसतं. शिवाय प्रामाणिक माणूस ‘५८ टक्के’ असं काहीतरी बोलतो आणि चुकलेले अंदाजही जागेवर ठेवतो. तो कंटाळवाणा वाटतो, हे मान्य.

साइटवरच्या टॅक्सचं थोडक्यात. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवरचा ३० टक्के टीडीएस जिंकलेल्या रकमेतूनच कापायचा असतो. तो वेगळा भरायला सांगणं, तेही कुणा माणसाच्या यूपीआयवर, याचा अर्थ एकच: स्क्रीनवरचे १,३६,४०० कधी नव्हतेच. आधी हजार-दोन हजार काढू देतात ते विश्वास बसावा म्हणून.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे दोनतीन खात्यांतून पुढे सरकण्याआधी गोठवता आले तरच काही हाताला लागतं. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी आणि वेळ जवळ ठेवा. रागाच्या भरात चॅट उडवू नका, ब्लॉक करण्याआधी युजरनेमचा स्क्रीनशॉट घ्या. पुणे शहरात राहत असाल तर सायबर पोलीस ठाणे शिवाजीनगरला आहे. वाकड-हिंजवडीकडचे लोक पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या हद्दीत येतात. यावरून कोणी परत पाठवायला लागलं, तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायच्या तक्रारीचा, आग्रह धरा.

‘आपणच सट्टा लावला, मग कुठल्या तोंडाने जाणार’ म्हणून बरेच जण गप्प बसतात आणि टोळीला हेच हवं असतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची वाट करून देणाऱ्याला; खेळणाऱ्याला नाही. यातला तिसरा, पैशांची वाट करून देणारा, मात्र लक्षात ठेवा. ‘तुझं नुकसान भरून देतो, फक्त तुझ्या खात्यात काही रकमा येतील, दोन टक्के ठेवून बाकी पुढे पाठव’ असं टोळीवाले सांगतात. त्याला होकार दिला, तर तक्रारदाराचं खातं गोठतं आणि पोलीस त्याच्या दारात येतात.

कर्वेनगरच्या त्या मुलाला तक्रारीनंतर नवव्या दिवशी एका नव्या नंबरवरून मेसेज आला. डीपीवर अशोकस्तंभ. ‘आपली रक्कम वसूल झाली आहे, प्रोसेसिंग फी ३,५०० भरा.’ या वेळी त्याने यूपीआय आयडी उतरवून घेतला, स्क्रीनशॉट काढला आणि आधीच्याच तक्रारीला जोडला.