इम्प्लांट स्नायूखाली की स्नायूवर?

कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर त्या जागी इम्प्लांट, म्हणजे स्तनाचा आकार देणारी कृत्रिम पिशवी, बसवायची इथवर ठरलं, की सर्जनचा पुढचा प्रश्न येतो: स्नायूखाली ठेवायचं की स्नायूवर? पावस-रत्नागिरीकडच्या आमच्या बायका मुंबईला जाऊन येतात आणि या प्रश्नापाशी अडतात. मग मला फोन येतो, कारण मी दोन्ही अंगावर काढलंय. उजव्या बाजूचं माझं इम्प्लांट आधी स्नायूखाली होतं, आता ते वर आहे. माझा कल वरच्याकडे आहे हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना तुम्हाला तेवढं वजा करता येईल.

स्नायूखालचा मार्ग जुना आणि रुळलेला. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसलं. पुढे १९७० च्या दशकात स्तन काढलेल्या बायकांमध्ये ते थेट कातडीखाली ठेवून पाहिलं, पण मागे उरलेली कातडी इतकी पातळ असायची की ती काळी पडायची, टाके उसवायचे, इम्प्लांट काढावं लागायचं. म्हणून सर्जन छातीच्या मोठ्या स्नायूखाली, पेक्टोरॅलिसखाली गेले. तिथे वरून जाड आवरण मिळतं, कडा दिसत नाहीत, गळ्याखालचा उतार छान येतो. त्यासाठी स्नायू खालच्या बाजूने बरगड्यांपासून सोडवावा लागतो, आणि खालचा उघडा भाग बहुतेक वेळा जाळीने किंवा प्रक्रिया केलेल्या त्वचेच्या पट्टीने झाकतात.

वरचा मार्ग गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुन्हा वापरात आला. आता स्तन काढताना कातडीखालची चरबी जपून ठेवतात, तिच्यात रक्त नीट खेळतंय का हे ऑपरेशन चालू असतानाच हिरव्या रंगाचं औषध शिरेतून देऊन कॅमेऱ्यात पाहता येतं, आणि इम्प्लांटला तीच त्वचेची पट्टी गुंडाळून आधार देता येतो. स्नायूला हात लागत नाही.

मला वर आणलं ते एका त्रासाने, आणि त्याबद्दल आधी कुणी नीट सांगत नाही. इम्प्लांट स्नायूखाली असलं की स्नायू आवळला की तेही हलतं. वर जातं, बाहेरच्या अंगाला सरकतं, आणि कातडीवर खळगा पडतो. डॉक्टर म्हणतात थोडंफार होणारच. आरशासमोर हात सैल सोडून उभं राहिलं तर काहीच दिसत नाही. पण आपल्याकडे बाई दिवसात हात सैल सोडून उभी राहते कधी? विळीवर नारळ खवताना दोन्ही हातांचा जोर नेमका छातीच्या स्नायूवर येतो. रहाटाचा दोर ओढताना येतो. हंगामात आंब्याची पेटी उचलताना येतो. भाकरी थापतानासुद्धा मला ती हालचाल जाणवायची. दुखायचं असं नाही, पण आत कुणीतरी ओढल्यासारखा ताण, आणि तो रोज, प्रत्येक कामाला. नुसता नमस्कार केला आणि तळवे जरा दाबले गेले तरी ब्लाउजच्या आत उजवी बाजू उचलली जायची. एकदा हळदीकुंकवाला माझी धाकटी जाऊ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “वहिनी, दुखतंय का काही? तुम्ही असं आक्रसून का बसता?” तेव्हा कळलं की ते दिसू नये म्हणून मी हात पुढे करायचंच टाळायला लागले होते.

यावर स्नायूत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल पाडणारं, इंजेक्शन देतात, पण त्याचा असर काही महिन्यांचा. शेवटी सर्जनने इम्प्लांट काढलं, स्नायू परत छातीला शिवला आणि नवं इम्प्लांट वर ठेवलं. नारळ खवता येतो, आणि खवताना इम्प्लांटची आठवण होत नाही. माझ्यासाठी तेवढ्याने निकाल लागला.

दुखण्याचंही सांगते. स्नायूखालच्या ऑपरेशननंतर कितीतरी दिवस छातीवर पट्टा आवळल्यासारखं वाटायचं, हात डोक्यावर जाईना, वेणी घालायला सासूबाई बसायच्या. वरच्या वेळी हात लवकर उठला. दोन्ही वेळची परिस्थिती वेगळी होती, दुसऱ्या वेळी कॅन्सरचं ऑपरेशन सोबत नव्हतं, त्यामुळे ही तुलना सरळ नाही हे मान्य. पण दोन्ही मार्गांनी गेलेल्या ज्या बायकांशी बोलले, त्यांचंही दुखण्याबाबत साधारण असंच आहे.

वरच्याला खोट नाही असं मात्र नाही. कातडी पातळ असेल तर इम्प्लांटच्या सुरकुत्या दिसतात, वाकल्यावर जास्त. माझ्या दिसतात, गळ्याच्या बाजूला, उजेड आडवा पडला की. पोटावरची चरबी काढून तिथे भरता येते, पण ते आणखी एक छोटं ऑपरेशन, आणि भरलेली चरबी सगळी टिकत नाही. शिडशिडीत बाईला हे ओझं वाटू शकतं. अशा वेळी स्नायूखालचंच बरं दिसेल, आणि तसं सर्जन म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

दुसरं म्हणजे खर्च. त्वचेची पट्टी वरच्या पद्धतीत जास्त लागते आणि ती महाग असते. विम्यात बसते का हे आधी लेखी विचारा. ही पट्टी दान केलेल्या मानवी त्वचेची, डुकराच्या किंवा गाईच्या कातडीची असते. आपल्या घरांत हा प्रश्न छोटा नाही, पण विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही. कोणत्या प्राण्याची आहे ते स्पष्ट विचारा, पर्यायी कृत्रिम जाळी मिळते का तेही विचारा. स्तन मोठा आणि ओघळलेला असेल तर खालची स्वतःचीच जादा कातडी वापरून आधार देता येतो, तो मार्ग मला फार आवडतो.

रेडिएशन ठरलेलं असेल तर दोन्हीकडे, शरीर इम्प्लांटभोवती स्वतःच जे आवरण तयार करतं ते आवळून कडक होण्याचा धोका वाढतो. तिथे मी इम्प्लांटचा हट्टच न धरता पोटाच्या किंवा पाठीच्या स्वतःच्या मांसाने स्तन बांधण्याबद्दल विचारेन. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आल्याशिवाय वरच्याचा विचार नको, कारण तिथे सगळी भिस्त कातडीच्या रक्तपुरवठ्यावर. आणि मिश्री लावत असाल तर डॉक्टरांना सांगा. लाजून लपवू नका. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. ती कित्येक आठवडे आधी बंद करावी लागते.

जागा कुठलीही निवडा, इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे ना ते बघा. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, होतो, आणि त्यामुळेच २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली. सिलिकॉनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ते आत फुटलेलं नाही ना हे बघायचं, मग दर दोन-तीन वर्षांनी. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, हे दोन्ही पद्धतींना सारखंच लागू आहे.

सर्जनकडे जाल तेव्हा त्यांच्या पेशंटचे फोटो मागा, पण नुसते उभे राहून काढलेले नकोत. कमरेवर हात दाबून धरलेले, स्नायू आवळलेले फोटो मागा. स्नायूखालच्या आणि वरच्या पद्धतीतला सगळा फरक तिथेच दिसतो, आणि ज्यांच्याकडे असे फोटो असतात ते या त्रासाकडे लक्ष देतात असा माझा अनुभव.

तारीख धरताना पावसाळा टाळता आला तर टाळा. त्वचेची पट्टी वापरली की आत पाणी साचू शकतं, म्हणून ड्रेनच्या नळ्या जास्त दिवस राहतात आणि त्या काढायला परत मुंबई गाठावी लागते. जुलैत घाटात दरड आली किंवा रुळावर माती आली तर नळी आणि बाटली सांभाळत गाडीत तासन्‌तास बसणं फार कठीण. कॅन्सरचं ऑपरेशन मात्र त्यासाठी एक दिवसही पुढे ढकलू नका. ते आधी करून घ्या. इम्प्लांट नंतर, दिवाळीनंतरही बसवता येतं.