एकाच गाडीवर शिक्क्याचे आणि बिनशिक्क्याचे पार्ट: काही महिन्यांचा अनुभव

माझ्या गाडीला सध्या दोन वेगवेगळ्या जातींचे हेडलाइट आहेत. डावा बिनप्रमाणित, उजवा ‘ई’ शिक्क्याचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांखाली मान्यता मिळालेला. गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल यातला एकही नाही, दोन्ही आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या उत्पादकांचे. पुढून ठोकर बसली तेव्हा डावा दिवा, फेंडर (चाकावरचा पत्रा) आणि बंपर बदलावे लागले, आणि मेकॅनिकने जे लगेच मिळालं ते बसवलं. पुढे दगड लागून उजवी काच तडकली, तेव्हा दिवा मी शिक्का बघून घेतला. त्यामुळे एकाच ऊन-पावसात दोघांची परीक्षा आपोआप झाली.

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून लो बीम लावला की फरक लगेच कळतो. उजव्याच्या उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. डाव्याची विस्कटलेली, वर उजेड सांडतो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. स्क्रू फिरवून खाली आणला तर आपल्यालाच रस्ता कमी दिसतो. रिफ्लेक्टरचा घाटच बिघडलेला असेल तर सेटिंग करून काय होणार? काचेचंही तेच. आजकाल ही ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हापासून तिला वाचवतो तो वरचा कडक लेप. डावीकडे वरच्या कडेला पिवळसर झाक आत्ताच दिसते. पाऊस झाला की धुकं दोन्हीत धरतं, त्यात विशेष काही नाही; पण उजव्यातलं दिवा लावल्यावर थोड्या वेळात निघून जातं, डाव्यात खाली थेंब साचून राहतात.

गंमत म्हणजे डाव्या दिव्यावरही ‘डीओटी’ (अमेरिकेच्या परिवहन खात्याची आद्याक्षरं) अशी ठसठशीत अक्षरं आहेत. विकणाऱ्याने तेच बोट ठेवून दाखवलं होतं. पण अमेरिकेच्या पद्धतीत ही अक्षरं उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर उमटवतो. सरकार आधी तपासून मंजुरी देत नाही. प्रामाणिक उत्पादकाच्या मालावर त्यांना अर्थ आहे, बाकी साच्यात अक्षरं कोरायला कितीसा खर्च येतो? वर्तुळातल्या ‘ई’चं तसं नाही. तिथे विक्रीआधी नमुना तपासून मान्यता मिळवावी लागते आणि शेजारचा आकडा मान्यता देणारा देश सांगतो: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. नकली शिक्केही असतात, म्हणून मी मान्यता क्रमांकासकट पूर्ण खूण बघतो, आणि तीही पार्टवर. नुसत्या खोक्यावरच्या छपाईवर माझा विश्वास नाही.

ब्रेक पॅडबाबत मात्र मी तडजोड करणार नाही. गाडी जुनी घेतली तेव्हा पुढे बिनशिक्क्याचे पॅड होते. गावातल्या गावात ठीक चालायचे, पण लांब उतारावर तापले की पेडल जास्त दाबावं लागायचं आणि रिमवर काळी पूड बसायची. नवे घेतले ते संयुक्त राष्ट्रांच्या नियम ९० खाली मान्यता असलेले. या नियमाचा मला पटलेला भाग असा की पॅडची तुलना त्याच गाडीच्या मूळ पॅडशी करतात आणि ब्रेकचा जोर मूळच्या १५ टक्के आत-बाहेरच असावा लागतो. जास्त ‘पकडणारा’ पॅडही नापास होतो, कारण पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडतो. असे पॅड पूर्ण ॲक्सलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चाकांच्या सेटमध्येच विकायचे असतात, तेही उघडलं तर कळेल अशा सीलबंद पॅकमध्ये. सुटी जोडी कुणी पुढे केली तर मी घेत नाही. आणि पॅडच्या कडेवरचं ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ पाहून भुलू नका. ती घर्षणाच्या पातळीची खूण आहे: पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. पॅड टिकेल का, पाठीच्या पत्र्यापासून सुटेल का, याबद्दल ती काही बोलत नाही.

उतारावर आता पेडल पहिल्यासारखंच लागतं. सुरुवातीला सकाळी थोडी किरकिर व्हायची, पॅड थोडे घासून नीट बसल्यावर थांबली.

पत्र्याबाबत मी इतका कडक नाही. बिनप्रमाणित फेंडर आजही मजेत आहे. भोकं थोडी घासून मोठी करावी लागली आणि दरवाज्याजवळची फट वर कमी, खाली जास्त दिसते, इतकंच. धडकेत माणसाला वाचवण्यात फेंडरचा वाटा नगण्यच. अमेरिकेत १९८७ साली स्थापन झालेली कापा ही संस्था असे बाहेरचे पार्ट प्रमाणित करते आणि पार्ट खऱ्या गाडीवर नीट बसतो का हेही पाहते. रंगकामाच्या मजुरीत कितीतरी वेळ वाचेल, म्हणून पुढच्या वेळी मी तसाच घेईन, सुरक्षिततेसाठी नव्हे.

बंपरमध्ये मात्र दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि गॅरेजमध्ये दोघींना ‘बंपर’च म्हणतात. बाहेरचं प्लॅस्टिक म्हणजे मुखवटा, त्याच्या क्लिपा तुटल्या तरी बिघडत नाही. आतली आडवी पट्टी धडकेचा मार झेलते, आणि ती हलक्या दर्जाच्या पोलादाची असेल तर वरून रंग मारल्यावर ओळखू येत नाही. ती मी ओरिजिनलच मागितली. बॉनेटलाही हाच न्याय: ठरावीक जागी दुमडावं अशी त्याची आतली रचना असते, आणि वेगात लॅच सुटला तर संपलंच. माझं बॉनेट सुदैवाने ठोकून सरळ झालं.

डावा दिवा पुढच्या सर्व्हिसिंगला काढणार आहे. फेंडर राहू देत.