ट्रायल, कम्पॅशनेट यूज की आपत्कालीन परवानगी?

साथीच्या काळात प्रायोगिक औषध रुग्णापर्यंत तीन वाटांनी पोहोचतं: ट्रायलमधून (रुग्णांचे गट करून औषध तपासणारी चाचणी), कम्पॅशनेट यूजखाली (ट्रायलबाहेर, रुग्णासाठी खास परवानगी काढून), किंवा नियामकाने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी यंत्रणेने) आपत्कालीन वापराची परवानगी दिली म्हणून. घरच्यांचा ओढा बहुधा मधल्या वाटेकडे असतो, कारण तिथे मंजुरी मिळाली की औषध आपल्याच माणसाला मिळणार हे पक्कं असतं. मी मात्र म्हणेन, आधी ट्रायलची चौकशी करा.

ट्रायलमध्ये कोण कुठल्या गटात जाणार हे कॉम्प्युटर ठरवतो. आपला माणूस नवं औषध नसलेल्या गटात गेला तर, ही धास्ती स्वाभाविक आहे. पण त्या गटालाही नेहमीचे उपचार मिळतातच, आणि नवं औषध मिळालं म्हणजे फायदा झालाच असंही नाही. काँगोत 2018 मध्ये इबोलाची साथ आली, तेव्हा काही औषधं सुरुवातीला ट्रायलबाहेरच दिली जात होती. नोव्हेंबरमध्ये त्यांतल्या चारांची 'पाम' ट्रायल सुरू झाली. औषधाविना कुणालाच ठेवलं नव्हतं. झेडमॅप या अँटिबॉडी औषधाचं नाव 2014 च्या इबोला साथीपासून गाजत होतं, म्हणून बाकीची तीन त्याच्याशी ताडून पाहिली. झेडमॅपच्या गटात जवळपास 50 टक्के रुग्ण दगावले, रेमडेसिव्हिरच्या गटात 53 टक्के. उरलेल्या दोन अँटिबॉडी औषधांच्या गटांत हाच आकडा 34-35 टक्के होता. हट्टाने झेडमॅप मागून घेणाऱ्याच्या पदरात काय पडलं असतं, ते यावरून दिसतं.

रुग्ण ट्रायलच्या निकषांत बसत नसेल किंवा ट्रायल आवाक्यात नसेल, तर कम्पॅशनेट यूज. इथे डॉक्टरांनी अर्ज करायचा, नियामक आणि एथिक्स कमिटीने (रुग्णांच्या हिताची बाजू तपासणारी समिती) होकार द्यायचा, आणि मुख्य म्हणजे कंपनीने औषध द्यायला तयार व्हायचं. 2014 च्या ऑगस्टमध्ये झेडमॅपचा साठाच संपला होता. शिवाय या वाटेने फारसं काही शिकायला मिळत नाही. कोविडमध्ये अमेरिकेत अशा योजनेखाली सुमारे लाखभर रुग्णांना प्लाझ्मा (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव) दिला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' ट्रायलने साडेअकरा हजारांहून अधिक रुग्णांत तो तपासला, तेव्हा मृत्यू कमी होत नसल्याचं दिसलं.

आपत्कालीन परवानगी सगळ्यांत सोपी, कागदपत्रं कमी. मात्र तिला पुरावाही कमी लागतो. अमेरिकेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाला कोविडसाठी ती 28 मार्च 2020 रोजी मिळाली आणि 15 जूनला काढून घेतली गेली. परवानगी आहे एवढ्यावर हुरळून जाऊ नका. कशाच्या आधारावर दिली, ते डॉक्टरांना विचारा.

वाट कुठलीही असो, संमतीपत्र सहीआधी घरातल्या एकाने तरी नीट वाचावं. अपाय झाला तर उपचाराचा खर्च कोण करणार, मधेच बाहेर पडता येईल का, आणि औषध आजाराच्या कुठल्या टप्प्यावर द्यायचं आहे, हे आधी शोधा. शेवटचा प्रश्न बरेचदा राहून जातो. विषाणूवर काम करणारी औषधं सहसा लवकर द्यावी लागतात. अर्ज मंजूर होईतो रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला असेल, तर डॉक्टरांशी पुन्हा बोला.