घरून मत द्यावं की केंद्रावर जाऊन? कुणासाठी कोणता मार्ग बरा

आमच्या आत्याचं वय ८७. २०२४ च्या लोकसभेला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरून मतदानासाठीचा १२ डी अर्ज घेऊन घरी आले, तेव्हा घरात दोन तट पडले. आतेभावाचं म्हणणं, भरून टाकू, ऊन केवढं असतं. आत्या म्हणाली, आजवर एकदाही मी रांग चुकवलेली नाही. विचार करायला वेळही फार नव्हता. हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. मतदान आठवड्यावर आल्यावर जाग येऊन काही उपयोग नाही.

घरात कुणी ज्येष्ठ असेल तर एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या. १२ डी मंजूर झाला की मतदार यादीत त्यांच्या नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मतपत्रिका) अशी खूण होते, कारण घरून दिलेलं मत टपाली मत धरलं जातं. नंतर मन बदललं आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर गेलात, तरी यंत्रावर मत देता येत नाही. अर्ज भरायची सक्ती मात्र कुणावरच नाही. ज्यांना केंद्रावरच जायचंय त्यांनी तो भरू नये, इतकं सोपं आहे.

घरून मतदानाची सोय ८५ वर्षांवरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आहे. वयाची अट आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. त्यामुळे ‘शेजारच्या काकांना मागच्या वेळी मिळालं होतं’ हा हिशेब आता धरू नका. मतदानाच्या दिवसाच्या आधीच निवडणूक कर्मचाऱ्यांचं पथक घरी येतं. सोबत पोलीस आणि व्हिडिओ चित्रीकरण करणारा असतो. कोणत्या दिवशी येणार ते आधी कळवतात आणि उमेदवारांनाही त्याची माहिती देतात, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी पाहायला येऊ शकतात. तुम्ही घरी नसाल तर पथक आणखी एकदा येतं. तेव्हाही भेट झाली नाही तर त्या निवडणुकीतलं मत गेलं.

आत्या अखेर घरच्या मतदानाला तयार झाली, कारण गुडघ्यांनी तिला हट्ट करायला जागाच ठेवली नव्हती. त्या दिवसातलं एकच दृश्य डोळ्यांसमोर राहिलंय. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता. आत्याने चष्मा पुसला आणि मतपत्रिका पुढे ओढली. वहिनी मदतीला म्हणून मागे जाऊन उभी राहिली, तशा अधिकारी बाई हळूच म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा.’ खूण करून झाल्यावर मतपत्रिका आतल्या पाकिटात आणि ते पाकीट सही केलेल्या प्रतिज्ञापत्रासह बाहेरच्या पाकिटात गेलं. आत्याने दोन्ही पाकिटांच्या कडा बोटाने तीन-तीनदा दाबून पाहिल्या.

घरच्या मतदानाची कमजोर बाजू मला तिथेच दिसली. केंद्रावर आडोशाच्या आत तुम्ही एकटे असता. घरी प्रेमाची माणसं अवतीभवती असतात, आणि ‘आजी, इथे खूण कर’ म्हणणारा आवाजही बहुतेक वेळा घरातलाच असतो. दृष्टी किंवा हात साथ देत नसेल तर सोबती घेता येतो. पण ती मतदाराची गरज असली पाहिजे, घरच्यांची हौस नव्हे. दुसरं म्हणजे, टपाली मत तांत्रिक चुकीने बाद होऊ शकतं. प्रतिज्ञापत्रावर सही राहिली किंवा दोन उमेदवारांपुढे खूण झाली की ते मत मोजलं जात नाही. यंत्रावर अशी चूक होतच नाही.

केंद्रावर बटण दाबलं की व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे उमेदवाराचं नाव, क्रमांक आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. आपलं मत कुठे गेलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची ही सोय टपाली मतात नाही. ज्येष्ठांना रांगेत थांबावं लागत नाही. अंध किंवा अशक्त मतदाराला केंद्रावरही सोबती नेता येतो. तो १८ वर्षांवरचा हवा, आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. काठी, वॉकर किंवा व्हीलचेअरवर जाणं जमत असेल तर केंद्रावरच जा. अंथरुणाला खिळलेले, गर्दीत गोंधळून जाणारे, जिना उतरला की दम लागणारे, यांनी बिनदिक्कत १२ डी भरावा. त्यात कमीपणा काही नाही.

इलेक्शन ड्युटीवर असणाऱ्यांचं वेगळं. ड्युटी आपल्याच मतदारसंघात असेल तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घ्या. ते दाखवून नेमणुकीच्या केंद्रावर यंत्रावरच मत देता येतं. दुसऱ्या मतदारसंघात असाल तर टपाली मत, आणि तेही प्रशिक्षणाच्या वेळी सुविधा केंद्रावर देऊन मोकळं व्हावं.

सैन्यातल्या मतदारांकडे दोन पर्याय आहेत. पहिल्यात मतपत्रिका ऑनलाइन पाठवतात, पण भरलेली मतपत्रिका टपालानेच परत येते. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत ती पोचली नाही तर मोजत नाहीत. दुर्गम ठाण्यावर असलेल्याला याचीच धाकधूक असते. दुसरा पर्याय प्रॉक्सीचा. मतदारसंघात राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला नेमायचं आणि त्याने केंद्रावर जाऊन तुमच्या वतीने मत द्यायचं. त्या मतासाठी शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात, कारण तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी असते. त्याने आत कोणतं बटण दाबलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, म्हणून माणूस जपून निवडा. टपालाचा भरवसा असेल तर मी प्रॉक्सीकडे वळणार नाही.

परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना मात्र निवड नाही. नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. नोकरीसाठी देशातच दुसऱ्या शहरात गेलेल्यांनाही तिथून मत देता येत नाही. तुम्ही तिथे कायमचे राहत असाल तर नमुना ८ भरून नाव नव्या पत्त्यावर हलवा, आणि तेही निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता.